आडनावभाऊ

खासदारानं सभागृहात उभं राहून स्वतःचं आडनाव सांगितलं आणि तेच असंसदीय ठरलं तर? २०१५ पर्यंत आपल्या संसदेत तशी पूर्ण सोय होती. नाशिकचे हेमंत गोडसे २०१४ साली छगन भुजबळांना हरवून लोकसभेत गेले. असंसदीय शब्दांच्या यादीत नाना शिव्या आणि टोमण्यांच्या शेजारी ‘गोडसे’ हा शब्दही १९५६ पासून ठाण मांडून होता. २०१४ च्याच हिवाळी अधिवेशनात राज्यसभेत तो कुणाच्या तरी तोंडून निघाला, वगळला गेला आणि नाशिककर गोडशांचं डोकं फिरलं. नथुरामाशी यांचं आडनावापलीकडे काही नातं नाही. बरं, निवडून येताना मतपत्रिकेवर हेच आडनाव चाललं होतं! त्यांनी रीतसर पत्र लिहून दाद मागितली. एप्रिल २०१५ मध्ये लोकसभाध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी निवाडा दिला: ‘नथुराम गोडसे’ असंसदीय, नुसतं ‘गोडसे’ चालेल.

(निवाडा देणाऱ्या सुमित्राताई माहेरच्या चिपळूणच्या साठे, सासरच्या इंदूरच्या महाजन. प्रमोद महाजनांशी त्यांचं नातं नाही. ‘प्रमोदजींच्या आपण कोण?’ हा प्रश्न त्यांच्याही वाट्याला आला असणारच.)

आपल्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा ‘मूळचे कुठले?’ आणि आडनाव ओळखीचं निघालं की तिसरा: ‘म्हणजे त्या अमुकांपैकी का?’ लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका जिलबी येईपर्यंत तुमची सात पिढ्यांची वंशावळ काढतात आणि नातं नाही म्हटलं की जणू आपणच काहीतरी लपवतोय असं बघतात. प्रसिद्ध आणि कुप्रसिद्ध आडनावभावांच्या या काही गमती त्या काकांसाठी.

एक खटला, तीन आडनावं

गोडशांचं दुर्दैव असं, की गांधीहत्येच्या त्याच खटल्यातली बाकीची आडनावं अलगद सुटली. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम एकटा फासावर गेला नाही, नारायण आपटेही गेला. पण आज आपटे म्हटलं की कुणाला वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश आठवतो, कुणाला कादंबरीकार हरिभाऊ, तरुण पोरांना राधिका. कुठल्याच आपट्याला सभागृहात दाद मागावी लागली नाही.

तिसरं आडनाव करकरे. नगरला डेक्कन गेस्ट हाउस चालवणारा विष्णू करकरे याच खटल्यात जन्मठेपेवर गेला. हे आज कितीजणांना ठाऊक आहे? करकरे म्हणजे हेमंत करकरे, एटीएसचे प्रमुख, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री शहीद झालेले. साठ वर्षांनी आलेल्या एका माणसानं आडनाव असं धुऊन काढलं की मागचा डाग शोधायला आता जुनी कात्रणं उपसावी लागतात.

गोडशांकडेही तसा माणूस होता, फक्त तो आधी येऊन गेला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरची गरिबी हटावी म्हणून दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि थेट १८५७ च्या धुमाळीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. परत आल्यावर ते सगळं लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी ते ‘माझा प्रवास’ म्हणून १९०७ साली छापलं, तोवर भटजी हयात नव्हते. मराठीतल्या पहिल्या प्रतीच्या प्रवासवर्णनांत ते पुस्तक बसतं. पण क्रम चुकला. आधी भला आणि मागून बुरा आला, तर लोक बुऱ्यालाच धरून बसतात. विष्णुभट १९६० च्या सुमारास जन्मले असते, तर हेमंत गोडशांना पत्र लिहायची वेळ आली नसती, असं मला आपलं उगीच वाटतं.

हा विषय नेहमीच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, तेव्हा दारावरची पाटी वाचणं एवढाच पुरावा जमावाला पुरला होता. पाटीवर गोडसेच असायला हवं असंही नव्हतं.

गर्दीत लपता येतं

बदनामी टाळायची तर सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे गर्दी. शिंदे घ्या. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे राणोजी आणि त्यांचे महादजी, ज्यांचं इंग्रजांनी ‘सिंदिया’ केलं. ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून १८८२ सालीच पुरुषांचे कान उपटणाऱ्या ताराबाई. महर्षी विठ्ठल रामजी. गायक प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्या मागून आनंद, मिलिंद, आदर्श अशी अख्खी रांग. पडद्यावरचे सयाजी. सुशीलकुमार आणि एकनाथ हे दोन मुख्यमंत्री. एवढ्या मोठ्या मेळ्यात एखादा वाईट शिंदे निघाला तर त्याच्याकडे लक्ष कोण देणार? आडनाव कुणा एकाच्या नावावर चढतच नाही.

मुख्यमंत्र्यांचंच म्हणाल तर पैज जिंकायला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट: महाराष्ट्राला चव्हाण आडनावाचे चार मुख्यमंत्री मिळाले. यशवंतराव, शंकरराव, अशोकराव, पृथ्वीराज. यांत बापलेक फक्त मधले दोघे, नांदेडचे. यशवंतराव आणि पृथ्वीराज दोघेही कराडशी जोडलेले, पण घरं वेगळी. शिवाय पृथ्वीराजांना दिल्लीच्या गादीवरच्या बाराव्या शतकातल्या नामबंधूचाही भार उचलावा लागतो. त्यात ते स्वतः दिल्लीहूनच मुख्यमंत्री होऊन मुंबईला आले, म्हणजे विनोद करणाऱ्यांची आयतीच सोय.

पाटलांनी वेगळा उपाय काढला. मागे गाव लावलं, नाहीतर पुढे कूळ: निलंगेकर, विखे पाटील, मोहिते पाटील. ज्यांनी दोन्ही केलं नाही त्यांना आद्याक्षरांवर भागवावं लागलं. आर. आर. म्हटलं की आबा, डी. वाय. म्हटलं की कॉलेज.

दोन सुर्वे

मन्या सुर्वे, पूर्ण नाव मनोहर अर्जुन सुर्वे, ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. मुंबई पोलिसांची नोंदली गेलेली पहिली ‘चकमक’ म्हणून ती सांगितली जाते, आणि २०१३ साली तिच्यावर ‘शूटआउट अॅट वडाला’ हा चित्रपटही निघाला.

त्याच मुंबईत, त्याच काळात, गिरणगावात दुसरे सुर्वे होते. कवी नारायण सुर्वे. त्यांचं तर आडनावही जन्मानं मिळालेलं नव्हतं. रस्त्यावर टाकून दिलेलं तान्हं बाळ गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं उचललं, घरी नेलं आणि आपलं नाव दिलं. तो पोरगा पुढे गिरणीत राबला, शाळेत शिपाई झाला, मग शिक्षक, मग १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. सुर्वे आडनावाच्या माणसाला आज ‘कुठले सुर्वे?’ विचारलं तर समोरच्याच्या वयाचा आणि आवडीनिवडीचा अंदाज घेऊन उत्तर द्यावं. मला विचाराल तर गंगारामांचं नाव सांगावं.

अंडरवर्ल्डच्या मंडळींनी बाकी आपल्या भाऊबंदांवर एक उपकार केला: टोपणनावं घेतली. छोटा राजनचं आडनाव निकाळजे. दाऊदचं कासकर, आणि त्याचे वडील मुंबई पोलिसात हवालदार. पण वर्तमानपत्रांनी ‘छोटा राजन’ आणि ‘दाऊद’ एवढंच छापलं म्हणून कोकणातले कासकर बराच काळ निवांत होते. पुढे धाकटा भाऊ इक्बाल आडनावासकट मथळ्यात आला आणि कासकरांची सुट्टी संपली.

पुण्यात उलटा प्रकार. १९७६–७७ च्या खुनांना लोक ‘जोशी-अभ्यंकर खून खटला’ म्हणतात. आडनावं मारल्या गेलेल्यांची चिकटली. मारेकऱ्यांतलं जक्कल हे आडनाव मात्र त्या पिढीतल्या पुणेकरांच्या कानात असं बसलं की आजही ते ऐकलं की आजी दाराची कडी तपासून येते.

न जन्मलेल्या माणसाचा त्रास

खऱ्या गुन्हेगारापेक्षा कादंबरीतला जास्त छळतो. गोव्याकडच्या गायतोंड्यांना विचारा. या आडनावाचा एक माणूस म्हणजे चित्रकार वासुदेव गायतोंडे. मितभाषी, एकांतप्रिय, वर्षाला मोजकी चित्रं काढणारा. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं २०१४ साली त्यांच्या चित्रांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, आणि लिलावात त्यांची चित्रं कित्येक कोटींना जातात. दुसरे डॉ. पुंडलिक गायतोंडे, शल्यविशारद. १९५४ साली म्हापशाच्या एका मेजवानीत, गोवा म्हणजे पोर्तुगालच असा सूर निघाल्यावर, त्यांनी भर पंगतीत निषेध नोंदवला. तेवढ्यावर पोर्तुगीज सरकारनं त्यांना पकडून थेट लिस्बनला रवाना केलं. पंगतीत बोलण्याची इतकी किंमत दुसऱ्या कुणी मोजल्याचं ऐकिवात नाही.

आणि मग विक्रम चंद्रांच्या ‘सेक्रेड गेम्स’मधला गणेश गायतोंडे आला. कादंबरी २००६ ची, पण २०१८ साली नवाजुद्दीननं तो पडद्यावर उभा केला आणि हे दोघे सज्जन एका रात्रीत मागच्या रांगेत गेले. पोरं गायतोंडे आडनावाच्या सरांना वर्गात नवाजुद्दीनच्या आवाजात हाक मारू लागली असतील, तर त्यात त्या सरांचा काय दोष!

भिडे आडनावाची तऱ्हा आणखी न्यारी. पुण्याच्या भिडे वाड्यात जोतिबा-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, म्हणजे आडनावाला इतिहासात मानाचं पान. पण २००८ पासून ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’मधले सोसायटीचे सेक्रेटरी आत्माराम तुकाराम भिडे घराघरांत पोचले, आणि अमराठी शेजाऱ्यांना प्रत्येक भिड्याच्या घरी लोणच्या-पापडाचा धंदा असेल असं वाटू लागलं. त्यात पुण्यातला बाबा भिडे पूल. खडकवासल्यातून पाणी सोडलं की ‘भिडे पूल पाण्याखाली’ ही बातमी दर पावसाळ्यात ठरलेली. बुडणाऱ्या पुलावर आडनाव कोरलेलं असणं ही कीर्तीतली एक वेगळीच जात आहे.

रत्नागिरीकडच्या बर्व्यांना तर अंतूशेटचे कोण, हे अजूनही विचारतात. अंतू बर्वा पु. लं.च्या पानांतून कधी बाहेर आलाच नाही, हे सांगून उपयोग नसतो.

बाकरवडी, सोनं आणि दारिद्र्यरेषा

चांगलं आडनाव वाट्याला आलं म्हणजे सुख, असं नाही. चितळे असलात की पहिला प्रश्न बाकरवडीचा, दुसरा दुकान दुपारी बंद का असायचं याचा. भिलवडीला १९३९ साली भास्कर गणेश चितळ्यांनी दुधाचा धंदा सुरू केला, त्याचं फळ साऱ्या चितळ्यांना भोगावं लागतं. माधवराव चितळे जलतज्ज्ञ, १९९३ साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळवलेले, सिंचन घोटाळ्याच्या चौकशी समितीचे प्रमुख. त्यांनाही कुणीतरी ‘बाकरवडीत भाऊबंदांची सवलत मिळते का’ असं विचारून पाहिलं असेल, अशी मला दाट शंका आहे.

गाडगीळ म्हटलं की सांगलीची १८३२ ची सराफी पेढी. पण सरकारी फायलींत दोन वेगळेच गाडगीळ भेटतात. केंद्रानं राज्यांना योजनेचा पैसा कसा वाटावा, याचं १९६९ चं ‘गाडगीळ सूत्र’, आणि पश्चिम घाट वाचवण्यासाठीचा २०११ चा ‘गाडगीळ अहवाल’. इथे मात्र ‘त्यांच्यापैकी का?’ याचं उत्तर होकारार्थी: सूत्र वडील धनंजयरावांचं, अहवाल मुलगा माधवरावांचा. सूत्र राज्यांनी आनंदानं स्वीकारलं, अहवाल बघताच त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

व्यायामशाळा आणि अग्रलेख ही दोन टोकं तळवलकरांनी सांभाळली. क्रिकेट आणि उपोषण हजाऱ्यांनी: एक सांगलीचे विजय सॅम्युअल हजारे, ज्यांच्या नावानं करंडक आहे, दुसरे राळेगणसिद्धीचे किसन बाबूराव. लोणची-मसाले आणि ‘रणांगण’ कादंबरी दोन वेगळ्या बेडेकरांकडून आली. चवीला दोन्ही झणझणीत.

सगळ्यांत गुंतागुंत तेंडुलकरांची. सचिन जन्मण्याआधी तेंडुलकर हे नाव नाटकामुळे भांडणं लावणारं होतं. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’नं सत्तरच्या दशकात केवढी राळ उडवली! त्यांचे बंधू मंगेश तेंडुलकर व्यंगचित्रकार, पुण्याच्या चौकात उभे राहून वाहतुकीचे नियम शिकवणारी पत्रकं वाटायचे, म्हणजे धाडस थोरल्या भावाहून कमी नव्हतं. दीनानाथ गोपाळ तेंडुलकरांनी गांधीजींचं आठ खंडी इंग्रजी चरित्र लिहिलं. आणि अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकर: देशात गरीब कोण, हे ठरवणारा त्यांच्या समितीचा अहवाल २००९ च्या अखेरीस आला. दोन-तीन महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०१० ला, सचिननं ग्वाल्हेरला पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं द्विशतक ठोकलं. त्या हंगामात ‘तेंडुलकर रेषा’ हे शब्द वाचून एखाद्या भाबड्या वाचकाला तो फलंदाजीतला नवा विक्रम वाटला असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर स्वतः कवी आणि मराठीचे प्राध्यापक. पण ‘सचिनचे वडील’ ही ओळख त्यांच्या कवितेवर कायमची बसली.

गोपाळ गणेश आगरकर तर यापेक्षाही मागे पडले. ‘केसरी’चे पहिले संपादक, ‘सुधारक’चे जनक, टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढलेले. इंटरनेटवर नुसतं ‘आगरकर’ टाकून बघा, समोर येतो अजित. त्यानं २००० साली २१ चेंडूंत अर्धशतक केलं, २००२ साली लॉर्ड्सवर कसोटी शतक, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध भोपळ्यांची माळही लावली. आगरकरांचा निबंध पाठ करणाऱ्या पोराला परीक्षेच्या आदल्या रात्री क्रिकेटच्या बातम्या वाचाव्या लागतात, हा सुधारणेचाच एक प्रकार म्हणायचा.

नावासकट जुळे

आडनाव एकवेळ परवडलं, पूर्ण नाव जुळलं की पंचाईत. मराठी सिनेमात दोन सोनाली कुलकर्णी आहेत: एक ‘दोघी’ आणि ‘दिल चाहता है’वाली, दुसरी ‘नटरंग’वाली. धाकटीनं इंग्रजीत शेवटी एक जादा अक्षर लावून वाट काढली. देवनागरीत ती सोयही नाही, त्यामुळे पोस्टर मराठी असेल तर फोटो बघूनच ठरवायचं.

शरद जोशीही दोन. एक शेतकरी संघटनेचे, परदेशातली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून आंबेठाणच्या कोरडवाहू जमिनीवर येऊन बसलेले. दुसरे हिंदीतले व्यंगकार, ज्यांच्या लिखाणावर ‘लापतागंज’ ही मालिका निघाली. एकानं सरकारला रस्त्यावर घाम फोडला, दुसऱ्यानं कागदावर. राम कदमही दोन: ‘पिंजरा’चे संगीतकार आणि घाटकोपरचे आमदार. हे दोन कुणी एकत्र करण्याची शक्यता कमी.

आडनाव हुकता हुकता

१० जुलै १९४९. मुंबईच्या एका प्रसूतिगृहात मनोहर गावसकरांना मुलगा झाला. बघायला आलेल्या नारायण मसुरेकर काकांनी बाळाच्या डाव्या कानाच्या पाळीजवळ बारीकसं छिद्र पाहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आले, पाळण्यातलं बाळ उचललं, कान पाहिला. छिद्र नाही! आरडाओरडा, शोधाशोध. खरं बाळ एका कोळणीच्या कुशीत शांत झोपलेलं सापडलं. आंघोळीच्या वेळी अदलाबदल झाली असावी. सुनील गावसकरांनी हे स्वतःच ‘सनी डेज’मध्ये लिहिलं आहे. काकांची नजर जरा अधू असती तर दहा हजार धावा वेगळ्याच आडनावावर लागल्या असत्या, किंवा लागल्याच नसत्या आणि ससून डॉकला एक फार चिकाटीचा मच्छीमार झाला असता.

पण आडनाव बदलण्यात आपण तसे कसलेले आहोत. दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर लावलं. नाना फडणवीस मूळचे भानू. आंबडवे गावचे सकपाळ शाळेत आंबडवेकर झाले, आणि आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांनी आपलं आडनाव लाडक्या विद्यार्थ्याला दिलं अशी आठवण सांगितली जाते. त्यामुळे त्या गुरुजींच्या घराण्यालाच आता ‘तुम्ही बाबासाहेबांचे कोण?’ विचारलं जाणं ओघानं आलं. ठाकऱ्यांचं इंग्रजी स्पेलिंग तर कादंबरीकार थॅकरेवरून आल्याचं सांगतात. तो थॅकरेही १८११ साली जन्मला कलकत्त्यात!

‘कर’वाल्या आडनावांत तर रक्ताचं नातं शोधूच नये, गाव शोधावं. चित्रपटातले आपले प्रेमळ डेव्हिड अंकल चेऊलकर होते, रायगडच्या चौलवरून आडनाव घेतलेले बेने इस्रायली.

आणि गायकवाड. बडोद्याचे महाराज सयाजीराव, नाशिकचे दादासाहेब, कसोटीपटू दत्ताजीराव आणि अंशुमान हे बापलेक, आणि बंगळुरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, ज्यांना सारं जग रजनीकांत म्हणतं. आता चेन्नईचं आयपीएल कर्णधारपद धोनीनंतर २०२४ साली कुणाकडे गेलं? पुण्याच्या ऋतुराज गायकवाडकडे. म्हणजे चेन्नईचा सिनेमा एका गायकवाडाकडे आणि क्रिकेट दुसऱ्याकडे, तेही तमिळनाडूत. याच आडनावाचे खासदार रवींद्र गायकवाड २०१७ साली विमान कर्मचाऱ्याला मारहाण केल्यावरून विमान कंपन्यांच्या काळ्या यादीत गेले. त्या दोनेक आठवड्यांत तिकीट काढायला गेलेल्या बाकीच्या आर. गायकवाडांची आठवण येऊन हसू आवरत नाही.

आडनाव कोर्टात

१३ एप्रिल २०१९ रोजी कर्नाटकातल्या कोलारच्या सभेत राहुल गांधींनी, चोरांचं आडनाव मोदीच कसं, अशा अर्थाचा प्रश्न केला. सुरतचे आमदार पूर्णेश मोदी कोर्टात गेले. २३ मार्च २०२३ ला दोन वर्षांची शिक्षा, दुसऱ्या दिवशी खासदारकी रद्द, ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, मग खासदारकी परत. यातला खरा मसाला वकिलांच्या युक्तिवादात होता. तक्रारदारांचं मूळ आडनाव मोदी नव्हतंच, असं राहुल यांच्या बाजूनं अभिषेक मनु सिंघवींनी सर्वोच्च न्यायालयात मांडलं. शिवाय मोदी ही काही एक जात नाही की एक धर्म नाही. सोहराब मोदी पारशी. खासदार पिलू मोदी पारशी, आपण सीआयएचे हस्तक असल्याची पाटी गळ्यात अडकवून संसदेत येणारे. पुण्यातला नारायण पेठेतला मोदी गणपतीसुद्धा खुश्रूशेट मोदी या पारशी गृहस्थाच्या नावानं ओळखला जातो.

आडनावाच्या घोळात राहुल यांचं स्वतःचं घरही कमी नाही. त्यांचे आजोबा फिरोज गांधी पारशी, महात्माजींशी नातं शून्य. आणि नगरकर तर वर्षानुवर्षं गांधींना दिल्लीला पाठवत होते. भाजपच्या! दिलीप गांधी तीनदा तिथून निवडून आले.

मेहतांनी मात्र भांडण घरातच मिटवलं. हर्षद मेहतावरची ‘स्कॅम १९९२’ ही मालिका काढली हंसल मेहतांनी.

परदेशी आडनावभाऊ

हिटलरच्या बापाचं आडनाव १८७६ पर्यंत शिकलग्रूबर होतं. पोराच्या नशिबानं ते वेळेत बदललं, नाहीतर लाखोंच्या सभेत ‘हाइल शिकलग्रूबर’ म्हणताना जीभ अडखळली असती. हिटलरच्या सावत्र भावाचा मुलगा विल्यम पॅट्रिक हिटलर लिव्हरपूलला जन्मला, अमेरिकेत गेला, काकाविरुद्ध भाषणं देत फिरला आणि १९४४ साली चक्क अमेरिकन नौदलात भरती झाला. भरतीच्या वेळी त्यानं आडनाव सांगितल्यावर समोरचा अधिकारी म्हणाला, माझं हेस, असा किस्सा सांगतात. युद्धानंतर त्यानं आडनाव बदलून स्टुअर्ट-ह्यूस्टन केलं आणि लाँग आयलंडवर गुपचूप संसार केला. गोअरिंगच्या धाकट्या भावाची, आल्बर्टची, गोष्ट अधिक कडू. त्यानं थोरल्याच्याच वजनाचा वापर करून ज्यूंना वाचवलं. युद्ध संपल्यावर आडनावापायी तुरुंगात गेला आणि नंतर त्याला धड नोकरी मिळेना.

लिंकनवर गोळी झाडणारा जॉन विल्क्स बूथ. त्याचा भाऊ एडविन त्या काळचा अमेरिकेतला सर्वांत मोठा शेक्सपिअरी नट. हत्येच्या आधी जर्सी सिटीच्या फलाटावर एक तरुण सुटणाऱ्या गाडीच्या फटीत घसरला, तेव्हा एडविननं त्याची कॉलर धरून वर खेचलं. तो तरुण रॉबर्ट लिंकन, अध्यक्षांचा मुलगा! एका बूथनं मुलगा वाचवला, दुसऱ्यानं बाप मारला, आणि आडनाव कुणाचं लक्षात राहिलं ते सांगायला नको.

आयर्लंडमध्ये १८८० साली कुळांनी जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याला वाळीत टाकलं आणि त्याचं आडनाव क्रियापद होऊन बसलं. त्याचा आडनावभाऊ जेफ्री बॉयकॉट यानं पुढे १९७४ ते १९७७ अशी तीन वर्षं कसोटी क्रिकेटवरच बहिष्कार टाकला. आडनावाला इतकं जागणारा दुसरा माणूस दाखवा.

विमानतळावर तर आडनाव म्हणजे संशयित. शाहरुख खानला ऑगस्ट २००९ मध्ये नेवार्कला थांबवून ठेवलं, तेव्हा ‘माय नेम इज खान’ हा त्याचा सिनेमा तयार होत होता. अशी फुकटची जाहिरात नशिबात लागते. पण खानच नव्हे, केनेडीही अडकले. कुणा संशयिताचं टोपणनाव ‘टी. केनेडी’ होतं, म्हणून अमेरिकेचे सिनेटर टेड केनेडी, माजी अध्यक्षांचे सख्खे भाऊ, २००४ साली विमानतळावर पुन्हा पुन्हा अडवले गेले. अंतर्गत सुरक्षा खात्याच्या मंत्र्यांपर्यंत फोनाफोनी करून नाव यादीतून निघायला तीन आठवड्यांच्या वर लागले. सिनेटर होते म्हणून तेवढेच.